एफ. सी. पुढे की मागे?

पुण्याच्या माणसाला एफ. सी. म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. एफ. सी. म्हणजे फर्ग्युसन कॉलेज. १८८५ पासून आहे. त्याला रोड जोडला की एफ. सी. रोड होतो, आणि मग तिथे स्कूटर लावायला जागा मिळत नाही. फुटबॉल क्लब असाही या दोन अक्षरांचा एक अर्थ आहे हे मला ठाऊक होतं, नाही असं नाही. पण ती अक्षरं क्लबाच्या नावाच्या मागे, गाईच्या शेपटीसारखी, असली तरी चालतं आणि नसली तरी दूध कमी येत नाही, अशी माझी समजूत होती. त्यामुळे म्युनिकमधल्या माझ्या पहिल्याच शनिवारी शेजारच्या अण्णांनी कुंपणावरून हात उंचावून, "आज एफ-त्से लिव्हरपूल!" अशी घोषणा केली, तेव्हा फर्ग्युसन कॉलेजने लिव्हरपूलला शाखा काढली की काय, असं मला क्षणभर वाटून गेलं.

अण्णा म्हणजे जर्मन गृहस्थ. त्यांचं खरं आडनाव वेगळं आहे. त्या आडनावात पाच व्यंजनं एकमेकांना खेटून उभी आहेत, मध्ये स्वराला शिरायला जागा नाही. मी दोन दिवस प्रयत्न केला आणि तिसऱ्या दिवशी मनातल्या मनात त्यांना अण्णा करून टाकलं. उंच, सडपातळ, हातात कायम बागेची कात्री, आणि दुसऱ्याच्या कचऱ्याच्या डब्यात काय पडतं यावर बारीक लक्ष. अशा माणसाला दुसरं काय म्हणणार? आयुष्यभर म्युनिकच्या ट्राम चालवून ते निवृत्त झाले. वयाने माझ्यापेक्षा दोन-तीन वर्षांनी मोठे. इंग्रजी येत नाही आणि आलं नाही याचं दुःखही नाही.

माझी मुलगी आणि जावई म्युनिकच्या ट्रुडरिंग नावाच्या उपनगरात राहतात. मी सप्टेंबरात तीन महिन्यांच्या व्हिसावर तिकडे गेलो होतो. तरुणपणी मी पुण्याच्या मॅक्सम्युलर भवनात जर्मनच्या दोन परीक्षा दिल्या होत्या. त्या काळी पुण्यात जर्मन शिकायची एक साथच होती. मराठीसारखी तीन लिंगं आहेत, म्हणजे भाषा घरचीच, असं एकमेकांना सांगत आम्ही वर्गात जाऊन बसायचो. पुढे पस्तीस वर्षं बँकेत त्या भाषेतला एकही शब्द लागला नाही. तो साठा अण्णांच्या कुंपणावर एकदम उपयोगी पडला. घरात मुलगी-जावई दिवसभर कामावर, नात शाळेत. अण्णा एकटे, मी एकटा. दोन म्हातारी माणसं एकटी असली की हवा, गुडघे आणि पूर्वीचे दिवस हे विषय चार दिवसांत संपतात. मग खेळ उरतो.

इंग्लंडच्या फुटबॉल क्लबांची नावं हा माझा मानाचा विषय आहे. खेळ नव्हे, नावं. आमचा थोरला भाऊ, दादा, शनिवारी रात्री साडेदहाच्या सुमारास शॉर्टवेव्हवर बीबीसी लावायचा आणि इंग्लंडचे निकाल ऐकायचा. दादाचा फुटबॉलशी संबंध एवढाच की लहानपणी त्याला एकदा चेंडू लागला होता. पण ती नावं! वुल्व्हरहॅम्प्टन वाँडरर्स. क्वीन्स पार्क रेंजर्स. प्रेस्टन नॉर्थ एंड. शेफील्ड वेन्सडे. वाराचं नाव लावलेली पेठ आम्हाला नवी नाही, पण वाराचं नाव लावलेला संघ म्हणजे नवलच. मूळचा क्रिकेटचा क्लब, खेळाडूंना बुधवारी अर्धी सुट्टी, म्हणून वेन्सडे, असं दादा सांगायचा. निकाल वाचणाऱ्याचा सूर असा असायचा की दुसऱ्या संघाचं नाव उच्चारतानाच तो जिंकला की हरला ते कळावं. आम्ही अंथरुणात पडल्यापडल्या पैजा लावायचो. रामरक्षा पाठ व्हावी तशी ती नावं मला पाठ झाली. दादा गेला, रेडिओ गेला, नावं राहिली.

तेव्हा माझ्या या खासगी देवघरात कोणी एफ. सी. उचलून पुढे ठेवतो म्हटल्यावर मी गप्प बसणं शक्यच नव्हतं.

"अहो, लिव्हरपूल एफ. सी.," मी म्हणालो. "एफ. सी. मागे."

"मागे कशाला?" अण्णा म्हणाले. "एफ-त्से बायर्न. एफ-त्से शाल्क. मग एफ-त्से लिव्हरपूल."

"पण त्यांनी स्वतः मागे लावलंय ना?"

"ते इंग्लंडात," अण्णा म्हणाले. गाडी रस्त्याच्या कुठल्या बाजूने चालवायची, हे जसं ते ते राष्ट्र ठरवतं, तसाच हा प्रश्न होता.

दुसऱ्या दिवशी ते वर्तमानपत्राचं पान घेऊन आले. खरंच, सगळे रांगेत उभे होते: एफ. सी. लिव्हरपूल, एफ. सी. चेल्सी, एफ. सी. एव्हर्टन, एफ. सी. आर्सेनल. संडरलँडचं ए. एफ. सी. सुद्धा पुढे. मग अण्णांनी मला जर्मन क्लबाच्या नावाची रचना समजावून दिली, आणि खरं सांगतो, ती ऐकल्यावर मला त्यांच्याविषयी थोडी सहानुभूती वाटू लागली. जर्मन क्लब आधी आपण कोण ते सांगतो, मग गाव. आणि नुसतं कोण नव्हे, तर सविस्तर. व्हीएफबी स्टुटगार्ट म्हणजे हालचालींच्या खेळांसाठी मंडळ. व्हीएफएल बोखुम म्हणजे शारीरिक व्यायामासाठी मंडळ. काहींना नंबर आहेत: पहिला एफ. सी. क्योल्न, पहिला एफ. सी. न्यूर्नबेर्ग. काहींना जन्मसाल चिकटवलंय: शाल्क ०४, हानोवर ९६. म्युनिकमधल्याच एका क्लबाच्या नावात १८६० हा आकडा आहे. आपल्याकडे धर्मादाय आयुक्तांकडे नोंदवलेल्या संस्थेची पाटी जशी असते, नाव, गाव, स्थापना आणि उद्देश, तसं हे एकूण प्रकरण. इतकी पाटी रंगवायची सवय असलेल्या माणसाला नुसतं "लिव्हरपूल" म्हणणं म्हणजे धोतर न नेसता बाहेर पडल्यासारखं वाटत असणार.

इंग्रजांपैकी बोर्नमथने १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला आपणहून ए. एफ. सी. पुढे घेतलं. तिथे जर्मनांना काही करायलाच उरलं नाही. ते नाव वाचताना अण्णांच्या चेहऱ्यावर, एक तरी मुलगा शहाणा निघाला, असा भाव असायचा.

पण याहून मजेदार गोष्ट मला पुढे कळली. इंग्रज माणूस संघाचं नाव अनेकवचनी वापरतो. "लिव्हरपूल आर प्लेइंग" असं म्हणतो, "इज" नाही. म्हणजे मराठीत सांगायचं तर, "लिव्हरपूल आले, लिव्हरपूल जिंकले, लिव्हरपूल आता जरा दमलेत." अहो-जाहो! आणि जर्मन? "एफ. सी. लिव्हरपूल जिंकला." पुल्लिंगी एकवचन, साधं अरेतुरे. मग अण्णांच्या तोंडी वुल्व्ज मात्र अनेकवचनी कसे, स्पर्स अनेकवचनी कसे, असं मी विचारलं. ते म्हणाले, टोपणनाव घेतलं की अनेकवचन. म्हणजे पाळण्यातल्या नावाने हाक मारली तर मान, आणि कागदावरच्या नावाने हाक मारली तर अरेतुरे. आमच्या घरी नेमकं उलट होतं.

आता उच्चाराचं. जर्मन माणूस इंग्रजी बोलताना डब्ल्यूचा व्ही करतो आणि शब्दाच्या शेवटी आलेल्या डीचा टी. मॅन म्हणताना तो मेन म्हणतो. वेस्ट हॅम होतो वेस्ट हेम, तो चालेल. आपल्याला काय, वेस्ट हॅम आणि वेस्ट हेम दोन्ही सारखेच लांब. पण टॉटनहॅम? जर्मनमध्ये टोटेनहेम्ट म्हणजे प्रेताला घालायचं वस्त्र. अण्णा "टॉटेनहेम" म्हणायचे आणि मला दरवेळी वाटायचं की या क्लबाचा आजचा सामना शेवटचा. लेस्टरची तर कथाच वेगळी. नाव लिहिताना अक्षरं भरपूर, म्हणताना निम्मी. अण्णा आधी सगळी अक्षरं प्रामाणिकपणे म्हणायचे, लाइ-त्सेस्टर. पुढे २०१६ साली, ज्यांच्या बाजूने कोणी पाच हजारास एक भावाने पैज घेत नव्हतं ते लेस्टर लीग जिंकले, त्यांच्या बचावफळीत रॉबर्ट हूथ नावाचा जर्मन होता, आणि तेव्हापासून सगळ्या जर्मनीला लेस्टर म्हणायची सवय लागली असं अण्णा सांगतात. मला वाटतं भाषाशिक्षणाचा यापेक्षा खर्चिक मार्ग नसेल.

मी इतकं हसून लिहितोय, पण माझं स्वतःचं काय झालं तेही सांगायला पाहिजे. माझं आडनाव जाधव. जर्मनीत जे म्हणजे य, आणि शेवटी आलेल्या व्हीचा फ. शिवाय इकडे श्रीयुताला हेर म्हणतात. दातांच्या दवाखान्यात मी नंबर लावून बसलो होतो. दार उघडून एक बाई म्हणाल्या, "हेर यादाफ!" मी आजूबाजूला पाहिलं. कोणीतरी यादवांचा हेर पकडला गेला असावा, अशा कुतूहलाने मी वाट पाहत राहिलो. बाई पुन्हा आल्या, पुन्हा म्हणाल्या, आणि शेवटी माझ्या मागून आलेल्या माणसाला घेऊन गेल्या. माझी दाढ आणखी पाऊण तास ठणकली. घरी येऊन सांगितलं तर जावई म्हणाले, "बाबा, रागावू नका. जाधव म्हणजे मूळचे देवगिरीचे यादवच ना? त्यांनी सातशे वर्षांचा हिशेब एका फटक्यात जुळवला."

तेव्हा मी थोडा नरमलो. आणि विचार केला तर नावं बिघडवणं हा एकट्या जर्मनांचा धंदा नाही. आपल्या बखरकारांनी एल्फिन्स्टनसाहेबाचा अल्पिष्टन केला. आपण ग्वालियरचं ग्वाल्हेर केलं आणि वडोदऱ्याचं बडोदं, आणि ती गावं आपलीच समजून वागलो. इंग्रज तर याबाबतीत सगळ्यांचे गुरू. बायर्न म्युनिक म्हणताना ते पहिला शब्द जर्मन ठेवतात आणि दुसरा स्वतःचा घालतात. क्लबाचं नाव बायर्न म्युन्शेन. अर्धं बायको माहेरचं लावते तसं अर्धं त्यांनी माहेरचं राहू दिलं. क्योल्नला ते कलोन म्हणतात, ज्याने आपल्याकडे फक्त रुमाल ओला होतो. जर्मनही बाकीच्या युरोपला सोडत नाहीत. मिलानला त्यांच्याकडे माइलांट असं नाव आहे, म्हणून ए. सी. मिलान हा ए. सी. माइलांट. यातली गंमत अशी की तो क्लब १८९९ साली इंग्रजांनीच स्थापला, म्हणून तर त्याचं नाव इटालियन मिलानो नसून इंग्रजी मिलान. मुसोलिनीच्या राज्यात ते जबरदस्तीने मिलानो करायला लावलं, युद्धानंतर पुन्हा मिलान झालं. एवढा रक्तदाब वाढवून राखलेलं नाव अण्णा एका श्वासात माइलांट करतात. इंग्लंडच्या गावांना मात्र जर्मनांकडे स्वतःची अशी नावंच नाहीत. लंडन ते लंडनच. हात शिवशिवतात, पण बदलायला काही नाही. मग एफ. सी. उचलून पुढे ठेवतात, नाहीतर आर्सेनलला "आर्सेनल लंडन" करून पत्ता पूर्ण करतात, आणि तेवढ्यावर भागवतात.

एवढं सगळं असूनही या माणसांना इंग्लिश फुटबॉलचं जे वेड आहे ते पाहून मी चाट पडलो. अण्णांच्या तोंडी इंग्लंड हा शब्द फारसा येत नाही. ते म्हणतात, "बेटावर." बेटावर आज पाऊस आहे, बेटावर अमक्याने तीन गोल केले. आपण विलायतेत म्हणायचो तसं. आणि ते बेट म्हणजे फुटबॉलची मातृभूमी, हा वाक्प्रचार तर तिकडच्या समालोचकांना पाठच असतो. एका आठवड्यात संघाला तीन सामने खेळावे लागले तर तो "इंग्लिश आठवडा". चेंडू आडव्या दांडीला लागून खाली रेषेवर आपटला आणि गोल झाला की नाही यावर भांडण लागलं, तर तो "वेम्बली गोल". हा शब्द त्यांनी ३० जुलै १९६६ रोजी रडत रडत भाषेत घेतला. त्या दिवशी वेम्बलीवरच्या अंतिम सामन्यात जादा वेळेत हर्स्टचा चेंडू असाच आपटला, पंचांनी गोल दिला आणि इंग्लंड विश्वविजेता झाला. अण्णा तेव्हा सतरा वर्षांचे होते. "आत नव्हता," ते मला म्हणाले. मी साखर हवी का, असं विचारलं होतं.

आणि हे सगळं कुठून सुरू झालं? कॉन्राट कोख नावाच्या ब्राउनश्वाइगच्या एका शाळामास्तराने १८७४ साली मुलांना फुटबॉल खेळायला लावलं, आणि मग हे इंग्रजी शब्द मुलांच्या तोंडी नकोत म्हणून प्रत्येकाला जर्मन प्रतिशब्द शोधून दिले. भाषाशुद्धीवाले मास्तर सगळीकडे सारखेच. तरीही १८९८ साली दुसऱ्या एका मास्तराने या खेळाला "इंग्लिश रोग" म्हणून शिव्या घालणारी पुस्तिका छापली. मुडदूस या रोगालाही जर्मनमध्ये इंग्लिश रोगच म्हणतात. मास्तर गेले, रोग राहिला. स्वित्झर्लंडचे जर्मन-भाषिक तर कोखमास्तरांच्या वर्गात बसलेच नाहीत. ते आजही कॉर्नर, पेनल्टी म्हणतात, आणि बेर्नच्या क्लबाचं नाव चक्क यंग बॉइज आहे. तिथे म्हातारे लोक "आमचे यंग बॉइज" म्हणत मफलर गुंडाळून जातात.

अण्णांच्या यादीत दोष काढता काढता मी एका नावाला मात्र पूर्ण गुण दिले होते. मँचेस्टर युनायटेडला ते "मेन-यू" म्हणायचे. म्हणजे मॅन-यू. सगळी जर्मन वर्तमानपत्रं तसंच छापतात. हे नाव मी इंग्लिश माणसांच्या तोंडूनही ऐकलं होतं, त्यात एफ. सी. नव्हतं, उच्चार किरकोळ चुकलेला. "हे बरोबर," मी अण्णांना परीक्षकाच्या थाटात म्हणालो होतो. ते खूश झाले. त्यानंतर त्यांनी ते नाव जरा जास्तच घ्यायला सुरुवात केली.

ऑक्टोबरातल्या एका शनिवारी जावयांच्या ऑफिसातला एक इंग्रज आमच्याकडे जेवायला आला. पस्तिशीतला, मँचेस्टरचा. मुलीने बटाटेवडे केले होते आणि मी हट्टाने अण्णांनाही बोलावलं होतं. इंग्लिश क्लब या विषयावरचे दोन तज्ज्ञ तयार आहेत, तर खरा इंग्रज पाहून घ्यावा, असा माझा सुप्त हेतू. इंग्रजाला जर्मन येत नव्हतं. तेव्हा दुभाषा मी. दोन परीक्षांच्या बळावर.

वडे वाढले गेले. पाहुणा मँचेस्टरचा आहे कळताच अण्णांचा चेहरा उजळला. त्यांनी हातातला वडा खाली ठेवला, छातीवर हात ठेवला आणि म्हणाले, "आह! मेन-यू!"

याला दुभाष्याची गरज नव्हती. पाहुण्याने पाण्याचा ग्लास उचलला, एक घोट घेतला आणि हसला. पण ते हसणं ओठांपाशीच थांबलं. अण्णांना वाटलं ऐकू गेलं नसावं. त्यांनी पुन्हा, मोठ्याने म्हटलं.

"वी जस्ट से युनायटेड," पाहुणा माझ्याकडे बघून शांतपणे म्हणाला.

मी अण्णांना सांगितलं, हे लोक नुसतं युनायटेड म्हणतात. अण्णा म्हणाले, "का? हेर यादाफ तर म्हणाले मेन-यू बरोबर!" आणि माझ्याकडे बोट केलं. सगळं टेबल माझ्याकडे बघू लागलं. तोंडातला वडा गिळायलाही मला जरा वेळ लागला.

मग पाहुण्याने सांगितलं. फार न चिडता, संकोचून, जेवणावर असं बोलू नये हे ठाऊक असलेल्या माणसासारखं. १९५८ साली त्यांच्या संघाचं विमान इथे म्युनिकला पडलं. पुढे दुसऱ्या क्लबांचे टगे लोक स्टेडियममध्ये त्या मेलेल्या माणसांवर गाणी म्हणायचे, आणि त्या गाण्यांना "मॅन यू" हे नाव चिकटून राहिलं. त्याच्या आजोबांसमोर हा शब्द उच्चारला तर ते खोलीतून उठून जायचे. "पुष्कळ लोक सहज म्हणतात," तो म्हणाला, "आमच्याकडेही. त्यांना काही वाईट म्हणायचं नसतं. मला आपलं ऐकवत नाही."

हे मला जर्मनमध्ये सांगायचं होतं. मॅक्सम्युलर भवनाच्या अभ्यासक्रमात पत्ता विचारणे आणि उपाहारगृहात जेवण मागवणे एवढं होतं. मी शब्द शोधत, थांबत, दोनदा लिंग चुकवत सांगितलं. अण्णा माझ्या तोंडाकडे बघत होते. मी "गाणी" म्हणालो तेव्हा त्यांना आधी कळलं नाही, मग कळलं. त्यांनी रुमाल काढून हात पुसले. प्रत्येक बोट वेगळं.

"त्यांना सांगा," ते मला म्हणाले, "मी इथलाच आहे."

आणि ते हळूहळू, माझ्यासाठी सोपे शब्द वापरत बोलू लागले. तेव्हा विमानतळ इथे रीमला होता. १९९२ साली तो हलवला, आता तिथे प्रदर्शनांची सभागृहं आहेत. ६ फेब्रुवारी १९५८. अण्णा नऊ वर्षांचे. बर्फ आणि बर्फाचा रबडा. संघ बेलग्रेडहून परत येत होता, विमान तेल भरायला उतरलं होतं. दोनदा उडायचा प्रयत्न केला, जमला नाही. तिसऱ्यांदा ते धावपट्टीच्या पलीकडे गेलं. दुपारचे तीन वाजले होते. अण्णांचे वडील आणि शेजारचे आणखी काही लोक धावत गेले. वडील रात्री परत आले, बूट दारातच काढून ठेवले आणि जेवले नाहीत. पुढेही कधी त्याविषयी बोलले नाहीत. तेवीस माणसं गेली, त्यांत आठ खेळाडू. एक तरुण खेळाडू रेश्ट्स डेर इझार या रुग्णालयात पंधरा दिवस झुंजत होता. शाळेतली सगळी मुलं रोज सकाळी मास्तरांना विचारायची, आज कसा आहे. आणि मास्तर रोज फळ्यावर वरच्या कोपऱ्यात क्लबाचं नाव लिहून त्याखाली बातमी लिहायचे. नाव लांब होतं. फळ्याचा कोपरा लहान होता.

"मास्तर मेन-यू लिहायचे," अण्णा म्हणाले. "मला येणारं पहिलं इंग्रजी. आम्ही प्रार्थनेतही तेच म्हणायचो. देवाला कळेल असं आम्हाला वाटायचं."

हे मी इंग्रजीत सांगितलं. ते जास्त सोपं गेलं, कारण मला बरंचसं सांगताच आलं नाही.

वडे गार झाले होते. नात एकेकाच्या तोंडाकडे बघत होती. मग अण्णाच उठले. "कोट घाला," ते म्हणाले. ट्रुडरिंगमध्ये त्या जागेजवळ एक छोटा चौक आहे, आमच्या घरापासून चालत वीस मिनिटं. २००८ साली त्याचं नाव मँचेस्टर-प्लाट्झ ठेवलं. मी महिनाभर तिथून भाजी आणायला जात होतो आणि पाटी वाचून, बरं नाव आहे, एवढंच मनात म्हणत होतो. क्लबांची नावं पाठ असलेला माणूस!

तिथे एक शिळा बसवलेली आहे. कोणीतरी लाल मफलर बांधून गेलं होतं, पावसाने भिजून जड झालेला. पाहुणा तिथे बराच वेळ उभा राहिला. त्याने मेलेल्यांमधलं एक नाव सांगितलं, फ्रँक स्विफ्ट. तो युनायटेडचा नव्हे, सिटीचा जुना गोलकीपर, बातमीदार म्हणून विमानात होता. "त्याच्या जागी सिटीने कोण घेतला ठाऊक आहे?" तो म्हणाला. "बर्ट ट्राउटमन."

"बर्ट?" अण्णा एकदम म्हणाले. हे नाव त्यांना भाषांतराशिवाय कळलं. "बर्ट नाही! बेर्नहार्ट!"

ब्रेमेनचा बेर्नहार्ट ट्राउटमन, जर्मन छत्रीसैनिक, इंग्लंडात युद्धकैदी झाला आणि तिथेच राहिला. १९४९ साली सिटीने त्याला घेतलं तेव्हा मँचेस्टरमध्ये हजारोंनी निषेध केला. १९५६ च्या कप फायनलमध्ये मान मोडलेली असताना तो शेवटपर्यंत गोलमध्ये उभा राहिला, तेव्हा तेच लोक टाळ्या वाजवत होते. त्याचं नाव त्यांना म्हणता येईना म्हणून त्यांनी त्याचा बर्ट केला होता. हे मी दोन्ही बाजूंना दोन्ही भाषांत सांगत होतो, आणि दोघेही मला न ऐकता एकमेकांशी, एक इंग्रजीत आणि एक जर्मनमध्ये, बर्ट की बेर्नहार्ट यावर हात हलवून बोलत होते. माझी दुभाषाची नोकरी तिथे संपली.

निघताना अण्णा शिळेपाशी वाकले. चष्मा वर केला आणि त्यावर कोरलेलं क्लबाचं नाव, पूर्णच्या पूर्ण, बोट ठेवून मोठ्याने वाचलं. "मेन्चेस्टर यूनाइटेट."

"युनायटेड," पाहुणा म्हणाला.

"यूनाइटेट," अण्णा म्हणाले.

"पर्फेक्ट," पाहुणा म्हणाला. मग त्याने बदल्यात म्युन्शेन म्हणून पाहिलं. ते अण्णांनी त्याच्याकडून घरापर्यंतच्या वाटेत अकरा वेळा म्हणवून घेतलं आणि एकदाही पास केलं नाही.

घरी आल्यावर मुलीने वडे पुन्हा गरम केले. संध्याकाळी निकाल आले, अण्णा चष्मा लावून मोबाइलवर वाचू लागले. "मेन—" असं म्हणून थांबले, पाहुण्याकडे बघितलं, घसा साफ केला आणि सगळं नाव सावकाश घेतलं. पाहुण्याने मान डोलावली. मलाही बरं वाटलं. तेवढ्यात अण्णा पुढच्या ओळीवर आले. "एफ-त्से लिव्हरपूल," ते म्हणाले, आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघत बसले.

मी त्यांच्या ताटलीत आणखी एक वडा वाढला.